फळ्यावरची पाठमोरी मुलगी

गावातल्या ख्रिस्ती मंडळीच्या हॉलमध्ये, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशेजारी, हिरव्या कापडाचा एक फळा होता. लग्नाच्या सूचना, गायनवर्गाच्या वेळा, कुणाच्या हरवलेल्या छत्रीची चौकशी, सगळं त्यावर टाचण्यांनी टोचलेलं असे. मधोमध मात्र एक फोटो चौकटीत लावला होता. लाकडी बाकावर पाठमोरी बसलेली लहान मुलगी, दोन वेण्या, मान जराशी डावीकडे कललेली. खाली बायकांची बुधवारची प्रार्थना चालवणाऱ्या मास्तरीणबाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'आपली नावाडीण. मरणाच्या दारातून परत आलेली.'

थोरलीने घरी आल्यावर पहिल्याच रविवारी तो फोटो पाहिला आणि हातातला पाण्याचा पेला तोंडाशी न्यायचं विसरली. फोटो तिनेच काढलेला होता. मुलगी नावाड्याचीच होती. पण ती ही नव्हे. जिच्यासाठी या हॉलमध्ये बायकांनी दर बुधवारी गुडघे टेकले होते, ती अडीच वर्षांपूर्वीच वारली होती. फोटोतली मुलगी दुसरीच. तिला जन्मात पडशापलीकडे काही झालेलं नव्हतं.

थोरली म्हणजे घरातली थोरली. मिशनच्या कागदांवर ती परिचारिका होती, परदेशात एका नदीकाठच्या दवाखान्यात नेमलेली. चार वर्षं तिकडे काम करायचं आणि एक वर्ष घरी यायचं, असा मिशनचा शिरस्ता. या वर्षाला मिशनचे लोक फर्लो म्हणतात. फर्लोत विश्रांती घ्यायची, तब्येत तपासून घ्यायची, आणि ज्या मंडळ्यांनी आपल्याला पाठवलं त्यांच्याकडे जाऊन कामाची हकिकत सांगायची. थोरलीचा फर्लो मुळात आठ महिने आधी सुरू व्हायचा होता. बदली परिचारिका वेळेवर मिळाली नाही. ती मिळेपर्यंत आई गेली होती. थोरली पोचली ती पाच महिन्यांनी, वरातीमागून घोडं यावं तशी.

फोटोचा घोळ झाला तो मिशनच्या एका नियमामुळे. तिकडून पाठवायच्या त्रैमासिक पत्रात कुणाचं नाव लिहायचं नाही, गावाचं नाव लिहायचं नाही, फोटोत चेहरा दाखवायचा नाही. तिथल्या माणसांना उद्या त्रास व्हायला नको, हा हेतू. हेतूबद्दल थोरलीची तक्रार नव्हती. तर नियमाला धरून तिने एकदा लिहिलं, 'एका नावाड्याची सात वर्षांची मुलगी फार आजारी आहे, प्रार्थना करा.' आईने ते पत्र बुधवारच्या बायकांत वाचून दाखवलं आणि बायकांनी पोर दत्तक घेतल्यासारखी घेतली. तिचं नावच पडलं, आपली नावाडीण. मग सव्वा वर्षाने थोरलीने आणखी एका पत्रात लिहिलं, 'एका नावाड्याची मुलगी आता आमच्या शाळेत येऊ लागली आहे, पहिल्या बाकावर बसते.' सोबत पाठमोरा फोटो. त्या काठावर घरटी एक नावाडी होता. पण हॉलमधल्या बायकांच्या लेखी जगात नावाडी एकच आणि त्याची मुलगी एकच. झालं. त्या बुधवारी हॉलमध्ये बायका रडल्या, हसल्या, दोन गीतं जास्त म्हटली गेली, आणि फोटोला चौकट आली.

मधल्या सव्वा वर्षात पहिली मुलगी गेल्याचं थोरलीने कुठेच लिहिलं नव्हतं. पत्रात नाही, आईला नाही.

आता बुधवारच्या प्रार्थनेला पंचवीस वर्षं होत होती. त्यानिमित्ताने आभाराचा रविवार ठरला होता, पत्रिका छापून आल्या होत्या, आणि पत्रिकेत लिहिलं होतं की आपल्या नावाडिणीच्या बरं होण्याची साक्ष खुद्द मिशनरी भगिनी देतील. थोरलीला त्या रविवारच्या आत एकच गोष्ट करायची होती. ती मुलगी मेली आहे, हे इथे एकदा कुणाला तरी सांगायचं होतं. आणि कशी मेली, हेही.

सोपं वाटतं. पण तीन महिने तिला कुणी 'कशी मेली' इथपर्यंत पोचू दिलं नाही.

पहिलं म्हणजे मिशनने तिला भिंगरी केली होती. आज या मंडळीत, उद्या त्या मंडळीत. प्रत्येक ठिकाणी बारा मिनिटं आणि आठ चित्रं. पडदा सुरकुतलेला, नाहीतर वायर आखूड, आणि चित्रं लागेपर्यंत बारातली चार मिनिटं गेलेली. ती बोलायची, लोक ऐकायचे, शेवटी प्रश्न. प्रश्न सगळीकडे तेच.

"तिकडे साप असतात का हो?"

"असतात."

"बाई ग." आणि विषय संपला.

"तुम्हाला तिथलं खाणं चालतं?"

"चालतं. सवय झाली."

"आम्हाला नसतं बाई जमलं." हे अशा सुरात, की जणू नदीकाठच्या लोकांनी त्यांनाच जेवायला बोलावलं होतं. मग कुणी जुने कपडे भरलेली पिशवी हातात द्यायचं. एका पिशवीत लोकरी हातमोजे निघाले. त्या नदीकाठी अंगावर पातळ सुती कापडही नकोसं होई. थोरली आभार मानायची, पिशवी उचलायची, आणि बसमध्ये मांडीवर ती घेऊन बसली की वाटायचं, आपण पालथ्या घड्यावर पाणी ओततो आहोत आणि घडा म्हणतो आहे, किती छान.

मिशनच्या कचेरीत ती सचिवांना भेटली. सचिव भला माणूस, टेबल स्वच्छ, टाचण्या एका डबीत आणि क्लिपा दुसऱ्या. नदीकाठी ते कधी गेले नव्हते. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट तरी लागतो. यांचं खुर्चीवर भागत होतं.

"एक दुरुस्ती करायची आहे," थोरली म्हणाली.

"अहवालात?"

"लोकांच्या समजुतीत. आमच्या मंडळीत जिचा फोटो लावलाय, ती मुलगी—"

"हो हो, पाहिला मी. सुंदर आहे. पुढच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर घ्यायचा विचार आहे."

"ती मुलगी ती नाही. आजारी होती ती वारली."

सचिवांनी पेन खाली ठेवलं. "अरेरे. केव्हा?"

"अडीच वर्षं झाली."

"अस्सं." त्यांच्या चेहऱ्यावरचं दुःख आलं तसं आवरलं गेलं. अडीच वर्षांपूर्वीच्या दुःखाला किती वेळ द्यावा याचा त्यांना अंदाज नसावा. "पण मग हे मंडळीचं अंतर्गत झालं, ताई. पाळकांशी बोला. आम्ही त्यात पडत नाही."

"पत्रात नावं नकोत, हा नियम तुमचा आहे."

"नियम बरोबर आहे. नावं असती तर धोका होता."

"नव्हती म्हणून हे झालं."

सचिवांनी खणातून एक कागद काढला. तिनेच भरलेला, रजेवरच्या कामकऱ्यांचा तक्ता. "तुम्ही विश्रांती नीट घेताय ना? 'किती ताजेतवाने वाटते' या रकान्यात सहा लिहिलंय तुम्ही. दहापैकी. सहा वाईट नाही म्हणा, पण परत जायच्या आत आठवर आणायला हवं."

मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, वयाने तिच्याहून लहान. त्यांच्यामागे रविवारची गडबड होती, खुर्च्या भाड्याने आणायच्या होत्या, ध्वनिक्षेपक घरघरत होता. त्यांनी तिचं उभ्याउभ्या ऐकलं, पण पूर्ण ऐकलं, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. मग हॉलच्या दाराकडे पाहत आवाज खाली आणला.

"रविवार होऊन जाऊ द्या. मग आपण शांतपणे, योग्य शब्दांत सांगू."

"पण साक्ष रविवारीच द्यायची आहे. मी काय सांगू?"

"कामाबद्दल बोला. दवाखान्याबद्दल. फोटोच्या शेजारी उभं राहा. तपशिलात शिरू नका."

"म्हणजे खोटं बोलू?"

"मी खोटं बोला म्हटलं नाही, ताई. बोलू नका म्हटलं."

राहिला घरचा माणूस, धाकटा भाऊ. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि थोरली त्याच्याकडेच उतरली होती, जिथे इस्त्रीचं टेबल आणि भावजयीची व्यायामाची सायकल ठेवलेली असे त्या खोलीत. सायकलीच्या हँडलवर ती आपला टॉवेल वाळत घालायची. भावजय काही बोलायची नाही. फक्त संध्याकाळी येऊन टॉवेल घडी करून खुर्चीवर ठेवायची.

रविवारला आठ दिवस उरले तेव्हा थोरली दुपारी दुकानात गेली. फोटोचा घोळ तिने त्याला आदल्या रात्रीच सांगितला होता. गिऱ्हाईक नव्हतं. धाकटा एका फ्रेमचा स्क्रू बसवत होता, नखाएवढा पेचकस चिमटीत धरून.

"तूही सांगू नको म्हणणार," ती म्हणाली.

"मग विचारतेस कशाला?" त्याने मान वर केली नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुलीचं काय बिघडतंय? ती गेली. या बायकांचं चाललंय ते चालू दे."

"माझं बिघडतंय."

"तुझं." त्याने स्क्रू टेबलावर ठेवला. "आईचा शेवटचा महिना तुला माहीत नाही. तू नव्हतीस. मी टोचून बोलत नाहीये, नव्हतीस म्हणून सांगतोय. आई रात्रंदिवस त्या मुलीचंच घेऊन बसली होती. ज्याने त्या पोरीला उठवलं तो मलाही उठवील. मग उठवणार नाही असं दिसायला लागलं, तेव्हा म्हणायला लागली, निदान तिला तरी उठवलं. माझ्या थोरलीच्या हातून उठवलं. ऐकतेस? हे धरून गेली ती. आता तू सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार, की आईच्या हातात काही नव्हतंच."

समोरच्या भिंतीवर ओळीने रिकाम्या फ्रेमा लावल्या होत्या आणि सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

"तेव्हाच का नाही लिहिलंस?" त्याने विचारलं. "मुलगी गेली तेव्हा. एक ओळ. आईला तरी."

"लिहायचं राहिलं."

"तुझं कधी काही राहत नाही, ताई. लहानपणी माझ्या वहीवर तू कव्हरं घालायचीस, तीसुद्धा चारी कोपरे दुमडून."

आता त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं. मुलीला मूत्रपिंडाचा विकार होता. अंगाला सूज यायची, गोळ्या चालू केल्या की उतरायची. दोनदा आली, दोनदा उतरली. तिसऱ्यांदा आली तेव्हा थोरलीने तिला मोठ्या रुग्णालयात पाठवायला हवं होतं. नावेने दीड दिवसाची वाट. पण दोनदा उतरली तशी उतरेल, म्हणून ती तीन दिवस थांबली. बस, एवढंच. वाईट हेतू नव्हता, आळस नव्हता. अनुभवाने माणूस जे शिकतो तेच तिने केलं, आणि ते चुकलं. पत्र लिहायला बसली की मुलगी वारली या ओळीपर्यंत यायची आणि पुढे 'कारण' हा शब्द येऊन उभा राहायचा. मग ती दवाखान्याच्या नव्या छपराबद्दल लिहायची. पुढे आईचं पत्र आलं, तुझी नावाडीण शाळेत जाते हे वाचून आम्ही बायका किती रडलो म्हणून. त्याच पत्राच्या शेवटी आईच्या तपासण्यांची बातमी होती. थोरलीने ठरवलं, घरी गेल्यावर समोरासमोर सांगू.

"मी बुधवारी बायकांना सांगणार आहे," ती उठत म्हणाली. "रविवारी व्यासपीठावरून नाही. बुधवारी, सात बायका असतात तेव्हा."

"हात दाखवून अवलक्षण." धाकट्याने पुन्हा पेचकस उचलला. "मास्तरीणबाई कच्चं खातील तुला."

"खाऊ देत."

"आणि मी तिथे येणार नाही."

"तुला बोलावलंय कुणी? बायकांची प्रार्थना आहे ती."

बुधवारी चार वाजता हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. सातातल्या दोघी आजारी म्हणून पाचच जणी होत्या. मास्तरीणबाई मध्यभागी. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या, गुडघे गेलेले पण आवाज शाबूत. आईशी त्यांचं हाडवैर आणि मैत्री दोन्ही होतं. दर बुधवारी कुठलं गीत म्हणायचं यावरून भांडायच्या, आणि आई रुग्णालयात असताना एक दिवसाआड डबा याच घेऊन जायच्या. त्यांच्या उजवीकडे शिंपीणकाकू, हातात कायम काहीतरी टाचायला घेतलेलं.

थोरली घरी आल्यानंतर एकदाच या बैठकीला येऊन गेली होती. तेव्हा मास्तरीणबाईंनी तिचा हात धरून आईच्या आजाराबद्दल एवढंच सांगितलं होतं की शांतपणे गेली. थोरलीने विचारलं, शांतपणे म्हणजे कशी. तर म्हणाल्या, शांतपणे म्हणजे शांतपणे ग. परिचारिकेला हे उत्तर पुरत नाही. पण त्या दिवशी तिने ते घेतलं आणि घरी गेली.

आज गीत झालं, वचन वाचून झालं. मास्तरीणबाईंनी रविवारची यादी काढली. "तर साक्ष साडेदहाला. पोरी, तू डावीकडून यायचं, उजवीकडे पायरी तुटली आहे."

"त्याआधी मला काही सांगायचंय."

"रविवारी सांग की. सगळंच आज ऐकलं तर त्या दिवशी तोंडं कशी करायची आम्ही?"

दोघी हसल्या. थोरली थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा तीन महिने गेले असते.

"फोटोतली मुलगी आपली नावाडीण नाही. आपली नावाडीण वारली. तुम्ही प्रार्थना करायला लागल्यावर अडीच महिन्यांनी. मी कळवलं नाही. नंतर तुमची गैरसमजूत झाली ती मला कळली होती, तीही मी दुरुस्त केली नाही."

शिंपीणकाकूंची सुई कापडात अर्धी जाऊन थांबली. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चौथ्या लाथेला चालू झाली आणि निघून गेली.

"वारली," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि आम्ही दीड वर्ष हे आभार मानतोय, ते कुणाचे?"

थोरलीने फळ्यावरच्या फोटोकडे पाहिलं.

"तुझ्या आईला माहीत होतं?"

"नाही."

"नशीब तिचं." मास्तरीणबाईंचा आवाज चढला नाही, शाळेत चढायचा तसा. उलट खाली गेला, आणि ते जास्त वाईट होतं. "मी मेलीने तिच्या उशाशी बसून रोज सांगितलं, त्या पोरीकडे बघ. त्या पोरीकडे बघ म्हणून तिला दोन घास जास्त भरवले मी. तू मला खोटं पाडलंस. माझ्या वयात. आणि आता येऊन सांगतेस ते कशासाठी? तुझं ओझं हलकं व्हावं म्हणून?"

"असेल," थोरली म्हणाली. "मला वाटत होतं, तिच्यासाठी. पण तसंही असेल."

हे उत्तर बहुधा अपेक्षित नव्हतं. मास्तरीणबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, तसाच हातात ठेवला.

"काय झालं होतं तिला?" शिंपीणकाकूंनी विचारलं. "तू लिहिलं होतंस फार आजारी. आम्हाला वाटायचं, ताप."

तीन महिन्यांत हा पहिला प्रश्न होता ज्याला उत्तर असं काही लागत होतं. थोरलीने सांगायला सुरुवात केली. सकाळी मुलगी उठायची तेव्हा डोळे सुजून मिटलेले असायचे, दुपारपर्यंत सूज पायात उतरायची. लघवी एका खुणा केलेल्या बाटलीत मोजायची. थोडी काचनळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. आजार वाढलेला असला की नळीत पांढरं साकळायचं, नासलेल्या दुधासारखं. मुलीला ते बघायला फार आवडायचं. आज किती पांढरं, म्हणून रोज विचारायची, कमी असलं की नाराज व्हायची.

"पांढरं म्हणजे चांगलं वाटायचं तिला," शिंपीणकाकू म्हणाल्या.

"हो. जादू वाटायची."

जेवण अळणी. मुलीला मीठ हवं असायचं. एकदा ती दवाखान्याच्या स्वयंपाकघरात सापडली, मिठाच्या बरणीला बाहेरून जीभ लावत होती. झाकण उघडता आलं नव्हतं. थोरली रागावली, मग मुलीने तिला सांगितलं की मी मीठ खाल्लं नाही, बरणी खाल्ली. दोघी बायका हसल्या आणि लगेच गप्प झाल्या, हसायला नको होतं अशा.

मास्तरीणबाई अजून चष्मा हातात धरून होत्या. नजर थोरलीकडे नव्हती, पण त्या ऐकत होत्या. तिसऱ्या सुजेपर्यंत सांगून झालं. थोरली थांबली. मग तिने तीन दिवसांचं सांगितलं. पहिल्या दिवशी गोळ्या वाढवल्या. दुसऱ्या दिवशी सूज तेवढीच, म्हणून वाटलं, थांबली, आता उतरेल. बापाने विचारलं, नाव काढू का. ती म्हणाली, उद्या बघू.

"उद्या बघू म्हणालीस," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"दोनदा उतरली होती."

"मी विचारत नाहीये का म्हणालीस ते. म्हणालीस एवढं ऐकलं मी. पुढे."

तेवढ्यात दारातून पाळकसाहेब आत आले. मागे भाड्याच्या खुर्च्यांचा माणूस होता, त्याला हॉल मोजायचा होता. पाळकसाहेबांनी गोलाकडे पाहिलं, थोरलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि काय चाललं आहे ते त्यांना कळलं.

"बायांनो, पाच वाजले," ते म्हणाले. "समारोप करून घेऊ या का? ताई थकल्या असतील."

"बसा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"पण हा माणूस—"

"त्याला म्हणावं उद्या ये. आणि तुम्ही बसा, पाळकसाहेब. अजून ती मुलगी जिवंत आहे."

पाळकसाहेब बसले. खुर्च्यांचा माणूस थोडा वेळ टेप हातात धरून उभा राहिला आणि मग निघून गेला.

थोरलीने तिसरा दिवस सांगितला. दुपारी ताप भरला, पोट दगडासारखं कडक झालं. मुलीने पोटाला हात लावू दिला नाही. तेव्हा थोरलीने स्वतः धावत जाऊन बापाला सांगितलं, नाव काढ. अंधारात त्या नदीत नाव घालता येत नाही, म्हणून चौथ्या दिवशी पहाटे निघाले. नावेत गवत, त्यावर चादर, थोरलीच्या मांडीवर मुलीचं डोकं. मुलगी बापाशी बोलत होती, हा काठ कुणाचा, तो काठ कुणाचा. मग बोलणं कमी झालं. थोरलीने तिच्या मनगटावर बोटं ठेवली होती. दोन तास झाले असतील. बाप वल्हवत होता, तोंड तिच्याकडेच होतं, कारण वल्हवणारा माणूस उलटा बसतो. थोरलीने मनगटावरची बोटं उचलली. बापाने ते पाहिलं. एक वल्हं पाण्यात रोवून धरलं आणि नाव वळवली.

शिंपीणकाकूंनी कापडातली सुई ओढून काढली.

"जाताना प्रवाह नावेबरोबर होता?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"हो."

"मग परतीला उलटा."

"उलटा."

"किती वेळ लागला?"

"सहा तास. मी एक वल्हं मागितलं, त्याने दिलं नाही."

मास्तरीणबाईंनी मान हलवली, हिशेब बरोबर जुळल्यासारखी. पाळकसाहेब गुडघ्यांवर कोपरं टेकून जमिनीकडे बघत बसले होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "रविवारी मग—" आणि पुढचं त्यांना सुचलं नाही. त्यांच्या मदतीला कुणी आलं नाही.

"तुझी आई शांतपणे गेली नाही," मास्तरीणबाई अचानक म्हणाल्या. थोरलीकडे न बघता. "दोन दिवस फार झगडली. श्वास लागायचा. मध्येच बरी असली की माझ्याशी भांडायची, मला उशी नीट लावता येत नाही म्हणून. तुला हाक मारली एकदा. मग म्हणाली, नको, तिला काम असेल. धाकट्याने सांगितलं, ताईला हे सांगू नका. म्हणून नाही सांगितलं."

थोरलीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिला वाटलं होतं की हे ऐकलं तर कोसळू. कोसळली नाही. विचारावंसं वाटलं तेच विचारलं. "ऑक्सिजन लावला होता?"

"लावला होता. काढून टाकायची. तिला त्याचा वास आवडायचा नाही."

"त्याला वास नसतो. नळीचा असतो."

"तेच मी तिला सांगितलं. ऐकेल तर शपथ."

बायका उठल्या. खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावल्या. शिंपीणकाकू जाता जाता थोरलीजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "तू म्हणालीस अळणी जेवण. पण मग चव कशाने आणायचीस? पुढच्या बुधवारी सांग." आणि उत्तराची वाट न बघता गेल्या. पाळकसाहेब फळ्यापाशी उभे राहून फोटोकडे बघत होते. त्यांनी तो काढला नाही, आणि राहू द्या असंही म्हटलं नाही.

मास्तरीणबाई दाराशी भिंतीला धरून उभ्या होत्या. हॉल पहिल्या मजल्यावर, बाहेर दगडी जिना.

"कुठे पुरलं तिला?" त्यांनी विचारलं.

"काठावर उंचावर. पूर आला तरी पाणी पोचत नाही तिथे."

"कुणी खणलं?"

"बापाने. मला फावड्याला हात लावू दिला नाही."

"बरं केलं त्याने." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी रविवारी येईन. तू बोललीस तर ऐकीन. पण तुझ्यावरचा राग गेलेला नाही, आणि इतक्यात जाईल असं समजू नकोस."

"समजत नाही."

"आता हात दे. जिना उतरायचाय मला, आणि तो गेला कुठे तो पाळक, कामाच्या वेळी दिसत नाही."

थोरलीने हात पुढे केला. मास्तरीणबाईंनी तो दंडापाशी घट्ट धरला, चांगला दुखेल इतका, आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.